तिसरा रकाना

फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावरची विज्ञानकादंबरी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा विशीत होतो, आणि ती संपल्यावर पुढचे पुस्तक हाती घ्यायचे नाही असे मी जाणूनबुजून ठरवले होते. शेवटच्या पानावर नायक पॉलची आई जेसिका त्याची सहचरी चानी हिची समजूत घालते, की लग्नाचा मान दुसरीला मिळाला तरी इतिहास आपल्यालाच पत्नी म्हणेल. त्या वाक्यानंतर आणखी काही सांगण्यासारखे उरले असेल असे मला वाटत नव्हते. हा ग्रह पंचवीस वर्षे टिकला. मग नव्या चित्रपटाचे दोन्ही भाग पाहून आलेल्या माझ्या भाचीने विचारले, “मामा, यातली किती पुस्तकं वाचायची आणि कोणत्या क्रमाने?” माझ्याकडे उत्तर तयार होते, पण त्या उत्तराखाली वाचनाचा पाया नव्हता. न वाचलेल्या पुस्तकांवर मी पाव शतक मत देत आलो होतो, हे त्या दिवशी मला लख्ख दिसले आणि थोडी लाजही वाटली.

फ्रँक हर्बर्ट यांनी स्वतः या मालिकेत सहा कादंबऱ्या लिहिल्या: ‘ड्यून’ (१९६५), ‘ड्यून मसाया’ (१९६९), ‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’ (१९७६), ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’ (१९८१), ‘हेरेटिक्स ऑफ ड्यून’ (१९८४) आणि ‘चॅप्टरहाउस: ड्यून’ (१९८५). फेब्रुवारी १९८६ मध्ये ते वारले. त्यानंतर तेरा वर्षांनी त्यांचे चिरंजीव ब्रायन हर्बर्ट आणि केविन जे. अँडरसन यांनी मिळून ‘हाउस अट्रेडीझ’ लिहिली, आणि तेव्हापासून पूर्वकथा, उत्तरकथा, मधल्या काळातल्या कथा असा ओघ सुरूच राहिला. या जोडीची नऊ पुस्तके मी वाचली. उरलेल्यांबद्दल मी काही म्हणणार नाही. तो दोष एकदा करून झाला आहे.

आम्ही दोघांनी वाटणी केली. मी प्रकाशनाच्या क्रमाने वाचायचे आणि भाचीने कथेतल्या कालक्रमाने, म्हणजे मूळ कादंबरीच्या दहा हजार वर्षे आधी घडणाऱ्या ‘द बटलेरियन जिहाद’पासून. ही कल्पना माझी होती आणि ती चुकीची होती, पण ते कळायला चार महिने जावे लागले. मी एक जाड वही घेतली आणि प्रत्येक पानावर दोन रकाने आखले: डावीकडे मूळ कादंबरी काय सांगते, उजवीकडे नंतरचे पुस्तक त्याच गोष्टीबद्दल काय सांगते. तुलना म्हणजे हेच असते, अशी तेव्हा माझी समजूत होती.

मूळ कादंबरी पुन्हा वाचताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की ती स्वतःच एक कथा आणि तिची उत्तरकथा यांची शिवण आहे. ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात डिसेंबर १९६३ पासून तीन हप्त्यांत ‘ड्यून वर्ल्ड’ आली. मग मध्ये जवळजवळ वर्षभर गेले आणि जानेवारी १९६५ पासून पाच हप्त्यांत ‘प्रॉफेट ऑफ ड्यून’ आली. वीसच्या आसपास प्रकाशकांनी परत पाठवलेले हे बाड अखेर मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टन या प्रकाशनसंस्थेने एका जिल्दीत छापले. ही शिवण एकदा दिसली की मग दिसतच राहते. पहिला भाग राजवाड्यातल्या कटाचा आहे, दुसरा वाळवंटात तगून राहण्याचा, आणि दोन वर्षांनंतर सुरू होणारा तिसरा एका धर्मयुद्धाच्या जन्माचा. पहिल्या भागात ज्या वाचकाला पॉलची काळजी वाटते, त्याच वाचकाला तिसऱ्या भागात पॉलची थोडी भीती वाटू लागते. ‘उत्तरकथेने मूळ बिघडवले’ ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली होती आणि स्वतःही केली होती. आता लक्षात आले की नायकाला बिघडवण्याचे काम मूळ कादंबरीतच सुरू झालेले आहे.

दुसरी गोष्ट मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिली: ‘न सांगितलेले’. अराकीन या अराकिसच्या राजधानीतल्या राजवाड्यातला मेजवानीचा प्रसंग घ्या. भोजनगृहाच्या दाराशी पाण्याची पात्रे आणि जवळ टॉवेल ठेवलेले असतात. रिवाज असा, की प्रत्येक पाहुण्याने हात बुडवायचे, कित्येक कप पाणी फरशीवर सांडायचे, टॉवेलला हात पुसून तो त्या थारोळ्यात टाकायचा आणि आत जायचे. जेवणानंतर बाहेर जमलेल्या भिकाऱ्यांना ते टॉवेल पिळून निघालेले पाणी मिळते. पॉलचा बाप ड्यूक लेटो हा प्रकार बंद करतो आणि जेवण चालू असेपर्यंत जो मागेल त्याला एक कप पाणी द्यावे असा हुकूम सोडतो. लेखक यावर भाष्य करत नाही. त्या ग्रहावर आजवर कोणी राज्य केले, श्रीमंती म्हणजे काय, नवा ड्यूक कसा माणूस आहे आणि त्याचा चांगुलपणा त्याला किती महाग पडणार आहे, हे सगळे त्या ओल्या टॉवेलात आहे. त्याआधी फ्रेमेन या वाळवंटी लोकांचा पुढारी स्टिलगर लेटोसमोर मेजावर थुंकतो, सगळे ताडकन उठू लागतात, आणि शरीरातला ओलावा देणे हा तिथला मोठा मान असतो हे ड्यूकच्या पदरच्या डंकन आयडाहोच्या एका वाक्यातून कळते. ड्यूकच्या आधी तिथे सत्ता गाजवणाऱ्या हार्कोनन घराण्याच्या ऐंशी वर्षांच्या जुलमाची कहाणी मूळ पुस्तकात सलग कुठेही सांगितलेली नाही. ती अशा वस्तूंतून झिरपत येते.

या वाचनानंतर ‘ड्यून मसाया’ उघडली आणि माझी दोन रकान्यांची पद्धत पहिल्याच आठवड्यात अपुरी पडली. पहिल्या पुस्तकानंतर बारा वर्षे लोटलेली आहेत. पॉल सम्राट आहे आणि त्याच्या नावाने चाललेल्या युद्धाचा हिशेब तो स्वतःच मांडतो: एकसष्ट अब्ज माणसे मारली, नव्वद ग्रह निर्जीव केले, चाळीस धर्मांचे अनुयायी नाहीसे केले. हे तो एखाद्या कारकुनाने ताळेबंद वाचावा तशा आवाजात सांगतो. उजव्या रकान्यात मी हे आकडे लिहिले, पण डाव्या रकान्यात त्यांच्यासमोर लिहायला काही सापडेना, कारण मूळ पुस्तकात हा हिशेब नाही. मग मी मूळ पुस्तक पुन्हा चाळायला घेतले आणि एका प्रसंगापाशी थांबलो. वाळवंटात मरायला सोडलेला ग्रहशास्त्रज्ञ लिएट-काइन्झ भ्रमात आपल्या मेलेल्या बापाचा आवाज ऐकतो, आणि तो बाप इतर अनेक गोष्टींबरोबर त्याला सांगतो, की तुझ्या लोकांवर एखाद्या वीरपुरुषाच्या हाती पडण्याइतके भयंकर संकट दुसरे येऊ शकत नाही. विशीत मी हे वाक्य वाचले असणारच. तेव्हा ते मरणाऱ्या माणसाच्या बडबडीत वाहून गेले होते. ‘मसाया’ वाचल्यावर तेच वाक्य सगळ्या पुस्तकाच्या मध्यभागी येऊन बसले.

त्या रात्री मी वहीत तिसरा रकाना आखला आणि वर लिहिले: ‘मूळ पुन्हा वाचल्यावर काय बदलले’. पुढचे वर्षभर हाच रकाना माझ्या कामाचा ठरला.

‘मसाया’ ‘अ‍ॅनालॉग’मध्ये आली नाही, ज्या संपादकाने, जॉन कॅम्पबेल यांनी, मूळ कथा छापली त्यांना वीराची ही घसरण पसंत पडली नाही आणि ती ‘गॅलक्सी’ मासिकात गेली. हर्बर्ट यांनी १९८० साली लिहिलेल्या एका लेखात म्हटले आहे, की ‘मसाया’ आणि ‘चिल्ड्रन’ यांचे काही भाग पहिली कादंबरी पुरी होण्याआधीच लिहून झाले होते. लेखक मागाहून असे बरेच काही म्हणत असतात, म्हणून मी एरवी ते फारसे मनावर घेतले नसते. पण काइन्झच्या त्या प्रसंगामुळे मला ते खरे वाटले.

‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’ने तिसरा रकाना आणखी भरला, आणि तोही मला अजिबात अपेक्षा नसलेल्या जागी. मूळ कादंबरीच्या पहिल्या परिशिष्टात थोरला काइन्झ, म्हणजे लिएटचा बाप, ग्रहाचा अभ्यास करताना मिठाच्या एका खोलगट मैदानापाशी येतो आणि त्याला कळते, की इथे एके काळी उघडे पाणी होते. कोरड्या विहिरींत पाण्याची धार लागते, आटते आणि पुन्हा कधीच येत नाही, हेही त्याला ठाऊक असते. यातून तो ग्रह हिरवा करण्याचे स्वप्न पाहू लागतो: स्वतःच्या बळावर चालणारे चक्र सुरू व्हायला वनस्पतींचा तीन टक्के वाटा पुरेल, आणि त्याला तीनशे ते पाचशे वर्षे लागतील. विज्ञानावर श्रद्धा असलेल्या कोणत्याही तरुण वाचकाला हे परिशिष्ट भारून टाकते. मलाही त्याने भारून टाकले होते. ‘चिल्ड्रन’मध्ये पॉलचा मुलगा, लहानगा लेटो, सांगतो, की वाळूतल्या महाकाय अळ्यांचे पूर्वरूप असलेले वाळूमासे या ग्रहावरचे नव्हेतच, ते बाहेरून आणले गेले, आणि त्यांनीच ओल्या ग्रहाचे पाणी कोंडून त्याचे वाळवंट केले. म्हणजे मिठाच्या मैदानाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अकरा वर्षांनी आले. त्याच पुस्तकात हिरवळ वाढते आहे, त्या अळ्या मागे हटत आहेत, आणि अळ्या गेल्या तर त्यांच्यापासून होणारा, अंतराळप्रवास ज्यावर चालतो तो मसालाही जाणार, मसाला गेला तर सगळे साम्राज्यच जागच्या जागी थांबणार, हे दिसते. काइन्झचे स्वप्न फळाला येते तेव्हाच ते विषासारखे होते. परिशिष्ट मी पुन्हा काढून वाचले. एकही अक्षर बदललेले नव्हते, पण त्यातला जो आशावाद मला पूर्वी लेखकाचा वाटला होता तो आता मला फक्त काइन्झचा वाटू लागला.

पुढच्या तीन पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे मूळ कादंबरीशी असलेला धागा लांबत जातो. ‘गॉड एम्परर’ साडेतीन हजार वर्षांनंतर घडते; लेटो आता अर्धा माणूस आणि अर्धी अळी झालेला आहे, आणि तो बोलतो, फार बोलतो. मला हे पुस्तक दोनदा खाली ठेवावे लागले. भाचीला मात्र पुढे तेच सर्वांत आवडले, आणि तिने दिलेले कारण मी नोंदवून ठेवले आहे: या एका पुस्तकात लेखकाला वाचक खूश झाला काय किंवा न झाला काय, काही फरक पडत नाही. ‘हेरेटिक्स’ आणि ‘चॅप्टरहाउस’ त्यानंतर आणखी दीड हजार वर्षांनी सुरू होतात आणि त्यांतून बेने गेसेरिट या भगिनीसंघाची, म्हणजे मूळ पुस्तकात ज्यांच्याकडे आपण संशयाने पाहतो त्यांची, आतली बाजू दिसते. तिसऱ्या रकान्यात मी या दोन पुस्तकांसमोर दोनच ओळी लिहिल्या, पण त्या ओळी खोडाव्यात असे मला अजून वाटलेले नाही.

इतके झाल्यावर मी पूर्वकथांकडे वळलो, आणि तोवर भाची कालक्रमाने वाचत वाचत मूळ कादंबरीपर्यंत येऊन पोचली होती. ती पहिले प्रकरण वाचून माझ्याकडे आली. या प्रकरणात बेने गेसेरिट संघातली रेव्हरंड मदर मोहियाम पंधरा वर्षांच्या पॉलचा हात एका पेटीत घालायला लावते, त्याच्या मानेशी विषारी सुई धरते आणि हात बाहेर काढलास तर मरशील असे सांगते. ही म्हातारी कोण, तिला एवढा अधिकार कसा, जेसिकेसारखी बाई तिच्यापुढे थरथरते का, हे वाचकाला ठाऊक नसते, आणि त्या न कळण्यातच पेटीतली वेदना आहे. ‘हाउस अट्रेडीझ’ने मात्र मोहियाम हीच जेसिकेची आई असल्याचे आधीच सांगून टाकलेले असते. “मला ती आजी नातवाची परीक्षा घेतेय असंच वाटत राहिलं,” भाची म्हणाली, “आणि मी सगळा वेळ तिच्याच चेहऱ्याकडे बघत होते. पॉलचा हात मी विसरूनच गेले.” पुढे तंबूत पॉलला आपण हार्कोननच्या रक्ताचे आहोत हे उमगते, ते प्रकरणही तिच्यासाठी कोरडेच गेले, तिला ते तीन पुस्तके आधीच माहीत होते. मी तिला वाचनाचा क्रम सांगितला होता, तेव्हा ही हानी माझ्या खात्यावर जमा आहे. पहिले वाचन पुन्हा करता येत नाही.

या प्रसंगानंतर मी पूर्वकथांवर काहीसा चिडून, सरकारी तपासनीसाच्या बाण्याने विसंगतींची यादी करू लागलो. मूळ कादंबरीची पहिलीच नोंद, राजकन्या इरुलानच्या ग्रंथातले अवतरण, वाचकाला बजावते की मुआद’दिब, म्हणजे पॉल, कॅलाडन ग्रहावर जन्मला आणि पहिली पंधरा वर्षे तिथे राहिला या गोष्टीने फसू नका, त्याची खरी जागा अराकिसच. ‘हाउस कोरिनो’मध्ये पॉलचा जन्म कॅलाडनवर होत नाही, तो सम्राटाच्या राजधानीत, काइटेनवर होतो. कादंबरीच्या अगदी पहिल्या परिच्छेदाशी असा उघड विरोध पाहून मला जो आनंद झाला तो फारसा सात्त्विक नव्हता. पुढे ‘पॉल ऑफ ड्यून’ने यावर इलाज केलेला आढळला: इरुलानचे लेखन हा प्रचार आहे, तिने सोयीचे तेवढे लिहिले. सांधा कुशलतेने जोडला आहे हे कबूल करायला हवे. पण मग मूळ पुस्तकातले प्रत्येक अवतरण संशयास्पद होते आणि ती अवतरणे तर त्या पुस्तकाचा कणा आहेत. ड्यूकच्या पदरचा डॉक्टर युए विश्वासघात करणार हे वाचकाला आधीच सांगून, रहस्य काढून घेऊन, तरीही ताण वाढवत नेण्याची हर्बर्ट यांची करामत त्या अवतरणांवरच उभी आहे.

यादी सात पाने झाली तेव्हा मी ती थांबवली. थांबवण्याचे कारण असे, की सवयीप्रमाणे मी तीच कसोटी फ्रँक हर्बर्ट यांच्या स्वतःच्या पुस्तकांना लावून पाहिली, आणि तिथेही फटी निघाल्या. मूळ शब्दसूचीत अळीचे पूर्वरूप अर्धे वनस्पती आणि अर्धे प्राणी असल्याचे सांगितले आहे. पुढच्या पुस्तकांतला वाळूमासा मुलांच्या हाताला चिकटणारा सरळसरळ प्राणी आहे. तो बाहेरून आला या गोष्टीचाही पहिल्या पुस्तकात कुठे उच्चार नाही. म्हणजे थोरल्या हर्बर्टनी फेरफार केला की मी त्याला ‘खोली’ म्हणत होतो आणि धाकट्यांनी केला की ‘चूक’. ही पक्षपाती पद्धत सोडायची तर विसंगती मोजून भागणार नव्हते. मी पुन्हा तिसऱ्या रकान्याकडे आलो: नंतरच्या पुस्तकामुळे मूळ पुस्तकातला एखादा परिच्छेद अधिक बोलका झाला, मुका झाला, की होता तसाच राहिला?

या कसोटीवर मी एक प्रसंग अगदी शेजारी शेजारी ठेवून वाचला. मूळ परिशिष्टात थोरला काइन्झ हार्कोननांच्या सहा गुंडांपासून तीन फ्रेमेन तरुणांना वाचवतो. फ्रेमेन त्याला आपल्या गुहांत नेतात आणि त्याने फार काही पाहिले म्हणून त्याला मारायचे ठरवतात. युलिएट नावाचा अनुभवी योद्धा पवित्र सुरी घेऊन त्याच्यासमोर येतो. काइन्झ आपल्या पाण्याच्या योजनांबद्दल बोलण्यात इतका गढलेला असतो की ‘बाजूला हो’ एवढेच म्हणून तो पुढे निघून जातो. युलिएट मोजून तीन पावले चालतो आणि आपल्याच सुरीवर मुद्दाम पडून स्वतःला कायमचा ‘बाजूला’ करतो. एका परिच्छेदात, इतिहासकाराच्या कोरड्या सुरात हे सांगितले आहे. युलिएटच्या मनात काय चालले होते याबद्दल पुढचा इतिहासच नुसता तर्क करतो. ‘हाउस अट्रेडीझ’मध्ये हाच प्रसंग पूर्ण दृश्य होऊन येतो, दृश्य वाईट नाही, थोरल्या काइन्झचे धांदरट, बेभान वेड त्यात चांगले उतरले आहे आणि ती प्रकरणे मी मन लावून वाचली. पण त्या तीन अनामिक तरुणांपैकी एक जण पुढचा स्टिलगर निघतो. हे वाचताना मला क्षणभर मजा वाटली आणि लगेच त्या ग्रहाचे क्षितिज हातभर जवळ आल्यासारखे झाले. मूळ पुस्तकात त्या गुहांमध्ये आपल्याला कधीही न भेटणारी हजारो माणसे आहेत असे वाटते. पूर्वकथेत मात्र जो भेटतो तो ओळखीचाच निघतो. बॅरन हार्कोननचा लठ्ठपणाही असाच. मूळ पुस्तकात ती त्याची हाव आहे असे आपण समजतो, पूर्वकथेत तो मोहियामने सूड म्हणून दिलेला रोग ठरतो. कारण मिळाले, आणि त्या शरीराचा अर्थ गेला.

सर्वांत जास्त पाने मी बटलेरियन जिहादवर, म्हणजे विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्धच्या प्राचीन युद्धावर, खर्च केली, कारण एकाच ओळीतून तीन वेगवेगळ्या कथा कशा उगवतात हे तिथे पाहता येते. मूळ कादंबरीत मोहियाम पॉलला सांगते, की एके काळी माणसांनी मोकळे होण्याच्या आशेने आपला विचार यंत्रांवर सोपवला, पण त्यामुळे इतकेच झाले की यंत्रे बाळगणाऱ्या दुसऱ्या माणसांना त्यांना गुलाम करता आले. शब्दसूचीत दोन-तीन ओळी आहेत आणि एक आज्ञा: मानवी मनासारखे यंत्र घडवू नकोस. एवढ्यावर १९८४ साली विलिस मॅकनेली यांनी संपादित केलेल्या ‘ड्यून एन्सायक्लोपीडिया’ने जेहान बटलर नावाची स्त्री उभी केली, रुग्णालय चालवणाऱ्या यंत्राने तिचा गर्भ विनाकारण पाडल्याचे उघडकीस येते आणि उठाव पेटतो. हर्बर्ट यांनी त्या कोशाला प्रस्तावना दिली, पण आपल्या पुढच्या कथांबाबत आपण मोकळे आहोत हेही सुचवून ठेवले. ब्रायन हर्बर्ट आणि अँडरसन यांच्या तीन कादंबऱ्यांत सेरेना बटलर आहे, तिच्या लहान मुलाला एरॅस्मस नावाचा यंत्रमानव मारतो, आणि सगळी मानवजात ओम्नियस या सर्वव्यापी यंत्रमनाविरुद्ध उठते.

माझ्या वहीत मी ताडकन लिहिले होते, की या कादंबऱ्यांनी मोहियामचे वाक्य उलटे केले: तिच्या वाक्यात गुलाम करणारी माणसे आहेत, इथे यंत्रे. आठवड्याने शब्दसूची पुन्हा पाहिली तेव्हा तिथे ‘सजाण यंत्रमानव’ हे शब्द आढळले. म्हणजे या लेखकद्वयाला पाय ठेवायला मूळ पुस्तकातच जागा होती आणि मी ती नजरेआड केली होती. शिवाय त्यांच्या कथेतही आधी माणसांनीच, टायटन म्हणवणाऱ्या मूठभर महत्त्वाकांक्षी लोकांनी, यंत्रांच्या जोरावर सत्ता बळकावलेली असते आणि नंतर यंत्र त्यांच्या हातून निसटते. माझी नोंद मी काट मारून दुरुस्त केली. तरी तिसऱ्या रकान्याचा प्रश्न उरतोच. मोहियामचे वाक्य वाचून आपण स्वतःच्या हातातल्या यंत्राकडे आणि ते बनवणाऱ्या माणसाकडे पाहतो. तीन कादंबऱ्या वाचून झाल्यावर त्याच वाक्याशी माझ्या मनात धातूच्या सैन्याची चित्रे येऊ लागली, आणि ती पुसायला मला बराच काळ लागला.

या सगळ्यात एक छोटे पुस्तकी सुख मिळाले ते ‘द रोड टू ड्यून’ (२००५) या संकलनाचे. त्यात पत्रव्यवहार आहे, गाळलेली प्रकरणे आहेत, आणि हर्बर्ट यांच्या एका जुन्या आराखड्यावरून नंतर लिहिलेली ‘स्पाइस प्लॅनेट’ ही कादंबरिकाही आहे. जेसी लिंकम नावाचा उमराव, मसाल्याचे उत्पादन, पैज आणि डाव असा तिचा नेटका साहसकथेचा घाट आहे. तिथे तारणहार नाही. हर्बर्ट यांनी काय टाकून दिले हे पाहिल्यावर त्यांनी काय ठेवले याची किंमत कळते. तिसऱ्या रकान्यात या पुस्तकासमोर दीड पान भरले आहे, जे नऊपैकी कोणत्याही कादंबरीला मिळाले नाही.

शेवटी उरली ‘चॅप्टरहाउस’ची शेवटची पाने आणि त्यांच्यापुढे लिहिलेली ‘हंटर्स ऑफ ड्यून’ (२००६) व ‘सँडवर्म्स ऑफ ड्यून’ (२००७). हर्बर्ट यांच्या सहाव्या पुस्तकाच्या अखेरीस एक जहाज अज्ञातात निसटते आणि मग डॅनियल आणि मार्टी नावाचे एक वयस्क जोडपे बागेत उभे राहून त्या जहाजाबद्दल बोलते. त्यांच्या बोलण्यावरून ते आपल्या धन्यांच्या हातून सुटलेले, रूप पालटणारे फेस डान्सर असावेत असे वाटते. इथे कादंबरी संपते. त्यानंतर एक छोटे निवेदन येते, १९८४ साली वारलेल्या पत्नी बेव्हर्ली यांच्याबद्दल, साध्या आणि संयत शब्दांत लिहिलेले. ते वाचताना मालिकेची पुढची गोष्ट काय असेल हा प्रश्न माझ्या मनातून काही वेळ गळून पडला. ब्रायन हर्बर्ट यांना सातव्या पुस्तकाचा आराखडा बँकेच्या तिजोरीत सापडला आणि त्यावरून या दोन कादंबऱ्या झाल्या, असे ते सांगतात. त्यांत हे जोडपे म्हणजे वेश पालटलेले ओम्नियस आणि एरॅस्मस निघतात, म्हणजे त्यांच्याच पूर्वकथांमधले खलनायक. बागेतल्या त्या दोघांच्या संवादाला हे नाव चिकटवून मी ती पाने पुन्हा वाचली, तीनदा वाचली, आणि दर वेळी संवाद त्या नावांना अंगाबाहेर टाकत राहिला.

वहीच्या त्या पानावर तिसरा रकाना कोरा आहे. भाचीने मात्र ती दोन्ही पुस्तके एका आठवड्यात संपवली, कारण तिला जहाजाचे पुढे काय झाले ते हवे होते आणि ते तिला मिळाले. परवा ती ‘मसाया’ परत मागायला आली. या खेपेला कोणत्याही यादीशिवाय, मूळ कादंबरीपासून पुन्हा सुरुवात करणार आहे म्हणाली, आणि जाताना माझी वहीही घेऊन गेली. ती म्हणाली, तिसरा रकाना पेन्सिलीने लिहिला असतास तर बरे झाले असते, मामा.